ऑर्किडच्या कात्रीला सॅनिटायझर पुरत नाही

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची फुलं गळली की वाळत चाललेला दांडा तेवढा उरतो. तो कापायला आपण हाताशी असेल ती कात्री घेतो, फडक्याने पुसतो, फार काळजी घेणारे असू तर तिच्यावर सॅनिटायझर चोळतो, आणि त्याच कात्रीने बाल्कनीतल्या साऱ्या कुंड्यांची साफसफाई उरकतो. एका दुपारचं काम. बुरशी आणि जिवाणूंच्या बाबतीत ते सॅनिटायझर काही अंशी कामाला येतं. पण ऑर्किडला आयुष्यभर चिकटणाऱ्या दोन मुख्य विषाणूंच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्याच कुंडीतल्या रोपाला त्यातला एखादा विषाणू असेल, तर त्या दुपारी तो पुढच्या कुंड्यांमध्ये जाऊन बसण्याची दाट शक्यता असते. त्या वेळी तुम्हाला काही दिसणार नाही. दिसेल ते काही महिन्यांनी, आणि तोवर कात्रीचा संशयही येणार नाही.

या दोन विषाणूंची नावं लांबलचक आहेत: सिम्बिडियम मोझॅक व्हायरस आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट व्हायरस. नावात सिम्बिडियम आणि ओडोंटोग्लॉसम आहे म्हणून ते तेवढ्याच जातींना होतात असं नाही. ज्या जातीत पहिल्यांदा नीट ओळखले गेले तिचं नाव चिकटलं, इतकंच. डेंड्रोबियम, कॅटलिया, फॅलेनॉप्सिस, व्हँडा, ऑन्सिडियम, ऑर्किडच्या कुठल्याही जातीत ते सापडतील. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्यांची पहिली शास्त्रीय वर्णनं झाली आणि आज जगात जिथे जिथे ऑर्किडची लागवड होते तिथे ते आहेत. भारतात सिक्कीममधल्या पाक्योंगला १९९६ पासून ऑर्किडसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ईशान्येकडच्या सिम्बिडियमपासून केरळ-कोकणातल्या डेंड्रोबियमपर्यंत कुणीही ऑर्किड लावत असेल, त्याची या दोघांशी कधीतरी गाठ पडणार हे धरून चालावं.

आता या दोघांचं वैशिष्ट्य. वनस्पतींचे पुष्कळ विषाणू किडींवर स्वार होऊन फिरतात. पपईचा रिंगस्पॉट मावा पसरवतो, भेंडीचा केवडा पांढरी माशी. त्यामुळे विषाणू म्हटलं की आपण फवारणीचा पंप शोधायला लागतो. ऑर्किडच्या या दोन विषाणूंना वाहून नेणारी कुठलीही कीड माहीत नाही. ते हवेतून येत नाहीत, शेजारच्या कुंडीतून उडी मारत नाहीत. पसरतात ते रसातून: आजारी रोपाचा रस निरोगी रोपाच्या जखमेत गेला तरच. आणि बागेत हे काम नेमाने, मन लावून करणारा प्राणी म्हणजे आपण. (एक अपवाद सांगून ठेवतो. ऑर्किड फ्लेक नावाचा आणखी एक विषाणू आहे, तो एका जातीच्या कोळीकिडीमुळे पसरतो. त्याचा बंदोबस्त वेगळा, आणि तिथे कात्री धुऊन उपयोग नाही.)

रसातून रोग पसरतो हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं गेलं ते तंबाखूवर. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला अॅडॉल्फ मायर यांनी पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडणाऱ्या तंबाखूच्या रोगाचा अभ्यास केला. आजारी पानं वाटून त्यांचा रस निरोगी रोपाच्या पानाच्या शिरेत टोचला की तेही आजारी पडतं, हे त्यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलं. रोगजंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी आणि १८९८ मध्ये नेदरलँड्समध्येच बायरिंक यांनी दाखवलं, की जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळलेला रससुद्धा रोग देतो. म्हणजे जिवाणूहून लहान असं काहीतरी त्यात आहे. विषाणू या कल्पनेचाच जन्म तिथला. हा इतिहास इथे आणण्याचं कारण असं, की ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हा त्या तंबाखूच्या विषाणूचा सख्खा भाऊबंद आहे. जुन्या ग्रंथांत तर त्याला तंबाखूच्या विषाणूचा ऑर्किडवरचा प्रकार म्हणूनच नोंदवलेलं आढळतं. चिवटपणाही घराण्यातलाच. तंबाखूचा विषाणू वाळलेल्या पानात, तयार तंबाखूत वर्षानुवर्षं टिकून राहतो. म्हणूनच तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू नये असं सांगतात, आणि आपल्याकडे हा सल्ला कागदापुरता नाही, रोपवाटिकेच्या दारात पाटी लावण्याच्या लायकीचा आहे.

हा विषाणू रोपात शिरतो कसा? प्राण्यांच्या पेशीभोवती असतो तसा नुसता मऊ पडदा वनस्पतीच्या पेशीला नसतो. बाहेरून सेल्युलोजची जाड भिंत असते, आणि विषाणूकडे ती भेदायचं कुठलंही हत्यार नाही. निरोगी, अखंड पानावर तो नुसता पडून राहील. पण कात्रीचं पातं फिरलं की हजारो पेशी चिरल्या जातात. काही मरतात, काही अर्धवट उघड्या पडून जगतात, आणि त्याच क्षणी पात्यावरचा रस त्यांच्यावर चोळला जातो. भिंत फोडणं आणि विषाणू आत ठेवणं ही दोन्ही कामं पातं एका झटक्यात करतं. एकदा एका पेशीत जागा मिळाली की पुढचं सोपं. वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशी बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. विषाणू स्वतःचं एक प्रथिन वापरून या नळ्या सैल करतो आणि पेशीपेशींतून सरकत अन्नरस वाहणाऱ्या नलिकांपर्यंत पोहोचतो. तिथून मुळं, नवे कोंब, फुलांचे दांडे, सगळीकडे.

त्यामुळे ‘चट्टा पडलेलं पान कापून टाकलं, रोप वाचलं’ हा हिशेब इथे लागू होत नाही. पान कापेपर्यंत विषाणू रोपभर झालेला असतो. उलट, चट्ट्यावरून फिरलेलं ते पातं आता बागेतली सर्वांत धोकादायक वस्तू असतं. वनस्पतींमध्ये आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत आणि या विषाणूंवर औषध नाही. दुकानात कुणी ‘व्हायरससाठी’ म्हणून बाटली पुढे केली तर ती ठेवून परत या.

सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे दिसणं. पुस्तकात छापतात तशी लक्षणं असतात खरी: पानावर फिक्या-गडद हिरव्या रंगाचा ठिगळपणा, काळपट खोलगट रेषा, वर्तुळं, फुलांच्या रंगात तुटक पट्टे, कॅटलियाच्या फुलावर ते उमलल्यानंतर काही दिवसांनी उठणारे तपकिरी डाग. पण बरीचशी बाधित रोपं अशी काहीच खूण दाखवत नाहीत. फुलतात, वाढतात, थोडी हळू वाढतात इतकंच, आणि हळू वाढण्याला आपण ऊन, खत, पाणी, मुंबईची हवा अशी दहा कारणं देतो. पुन्हा, पानावरचा प्रत्येक पिवळा डाग म्हणजे विषाणू नव्हे. उन्हाचा चटका, कोळीकीड, खताचा मारा यांचेही डाग जवळपास तसेच दिसतात. डोळ्यांनी पाहून ‘हे रोप स्वच्छ’ असं कुणालाच म्हणता येत नाही, मग तो कितीही मुरलेला बागायतदार असो.

माझ्या मते या विषयातली मुख्य गोष्ट इथेच आहे. बहुतेक चर्चा रंगते ती कुठलं रसायन चांगलं यावर. खरा प्रश्न त्याआधीचा आहे: पातं कधी बदलायचं? आजारी रोपानंतर बदलायचं असं ठरवलंत तर आधी आजारी रोप ओळखता आलं पाहिजे, आणि ते येत नाही. म्हणून नियम एकच उरतो, दर रोपाला नवं पातं. सलूनमध्ये न्हावी गिऱ्हाइकाची तब्येत विचारत बसत नाही, प्रत्येकासाठी नवं ब्लेड मोडून वस्तऱ्यात लावतो. ऑर्किडच्या बाबतीतही तेच करायचं, आणि तेही बऱ्याचदा त्याच ब्लेडने. दाढीचं साधं दुधारी पातं एका बाजूला जाड कागद किंवा चिकटपट्टी लावून धरलं तर बारीक दांडे, कुजकी मुळं, पिवळी पानं सहज कापली जातात. किंमत दोन-तीन रुपये. ज्या रोपासाठी आपण चार-पाचशे रुपये मोजलेले असतात त्याच्यासाठी हा खर्च फारसा नाही. वापरलेलं पातं थेट एका झाकणाच्या डब्यात टाकायचं. पुन्हा ओट्यावर ठेवायचं नाही आणि कचऱ्यात सुटं तर मुळीच टाकायचं नाही, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

ब्लेड सगळीकडे चालत नाही. डेंड्रोबियमचे जाड गड्डे वेगळे करायचे किंवा कॅटलियाचं आडवं खोड तोडायचं तर सिकेटर, म्हणजे छाटणीची दणकट कात्री लागते, आणि दर रोपाला नवा सिकेटर कोण घेणार. इथे निर्जंतुकीकरणाचा विषय येतो आणि सॅनिटायझर कुठे कमी पडतो तेही इथेच कळतं.

२०२० मध्ये आपण सगळ्यांनी ऐकलं की साबण आणि अल्कोहोल विषाणू मारतात. ते कोरोनाच्या बाबतीत खरं होतं, कारण त्या विषाणूच्या अंगावर चरबीयुक्त पदार्थाचं पातळ आवरण असतं. साबण आणि अल्कोहोल ते आवरण विस्कटून टाकतात आणि विषाणू निकामी होतो. ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट किंवा तंबाखूच्या विषाणूला असं आवरणच नाही. तंबाखूचा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी ताठ कांडी. तिच्यात सुमारे २१३० सारखेच प्रथिनाचे तुकडे एकमेकांना घट्ट चिकटून मळसूत्रासारखे रचलेले असतात आणि त्या रचनेच्या आत आनुवंशिक द्रव्याचा धागा बसवलेला असतो. विस्कटायला चरबी नाही, शिरायला फट नाही. ७० टक्के अल्कोहोलमध्ये पातं बुडवून काढलं तर ही कांडी पुष्कळदा शाबूत राहते. सिम्बिडियम मोझॅकची कांडी जरा लांब, लवचीक आणि तुलनेने कमी चिवट, पण आवरण तिलाही नाही. डेटॉलसारख्या घरगुती जंतुनाशकांवरही या कामासाठी विसंबू नये.

मग काय चालतं? पहिली उष्णता. तंबाखूचा विषाणू रसात असताना निकामी व्हायला ९० अंश सेल्सिअसच्या वर तापमान दहा मिनिटं लागतं, आणि त्याच्या ऑर्किडवरच्या भावाचं गणित साधारण तेच. म्हणून पातं नुसतं गरम पाण्यात बुचकळून काही होत नाही, आणि उकळतं पाणीसुद्धा काठावर पास होणारं. सोयीची गोष्ट म्हणजे आपल्याकडे घरोघरी प्रेशर कुकर आहे. त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. धुऊन रस काढलेली पाती, छोटे चाकू, सबंध धातूच्या कात्र्या एका डब्यात घालून पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर अर्धा तास ठेवल्या की काम झालं. लगेच पुसून कोरड्या केल्या नाहीत तर गंज चढतो. यासाठी जुना कुकर वेगळा ठेवावा, भाताच्या कुकरात नको. कुकर नको असेल तर ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर, तेही उत्तम. चार-सहा कात्र्यांचा संच असेल तर आठवड्याची कामं एका बैठकीला लावून सगळ्या एकदम शिजवता येतात.

ज्योतीचा मार्गही जुना आणि खात्रीचा, मात्र घाईने केला तर फसवा. लायटरची ज्योत पात्याखालून एकदा फिरवली की काजळी चढते, बाकी काही होत नाही. गॅस शेगडीच्या निळ्या ज्योतीत किंवा छोट्या ब्लो टॉर्चखाली दोन्ही बाजू काही सेकंद चांगल्या तापल्या पाहिजेत. तापलेलं पातं थंड होऊ द्यायचं, नाहीतर पुढच्या रोपाचा कापलेला भाग भाजतो. चांगल्या, महागड्या सिकेटरला मात्र ज्योत दाखवू नका. पोलादाचा कस जातो, धार बसत नाही, आणि स्प्रिंग व खिळ्याच्या सांध्यात अडकलेला रस तिथेच राहतो तो वेगळाच. आणखी एक, ज्योत पेटलेली असताना सॅनिटायझरची किंवा स्पिरिटची बाटली त्या खोलीतही नको.

रसायनांत घरगुती ब्लीच सगळ्यांत हाताशी. त्यात सोडियम हायपोक्लोराइट साधारण ४ ते ५ टक्के असतं, बाटलीवर नेमका आकडा पाहून घ्या. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी केलं की अर्ध्या टक्क्याच्या आसपास द्रावण तयार होतं. पण याचे नखरे आहेत. द्रावण रोज ताजं लागतं, कालचं आज अशक्त झालेलं असतं. पात्यावर रस, माती, कोळशाची पूड असेल तर क्लोरीनची ताकद त्यांच्यावरच खर्च होते. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने ब्रश घेऊन घासायचं, मग द्रावणात काही मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. नाहीतर पोलाद खातं. आणि ज्या बाथरूममध्ये हे काम करणार तिथला अॅसिडवाला टॉयलेट क्लीनर त्यात चुकूनही मिसळू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

ट्रायसोडियम फॉस्फेट हे दुसरं नाव वारंवार ऐकू येईल. रसायनांच्या दुकानात पांढरी पूड मिळते, १० टक्क्यांचं द्रावण करतात. ब्लीचसारखं ते चटकन उडून जात नाही, धातूला कमी खातं. मात्र तीव्र अल्कली आहे, हातमोजे घातल्याशिवाय त्यात बोटं घालू नयेत. आणि ते बुचकळून काढायचं द्रावण नव्हे, हत्यार त्यात काही मिनिटं मुरलं पाहिजे. यावरचा साधा तोडगा असा, की चार कात्र्या फिरत्या ठेवायच्या: एक हातात, तीन द्रावणात, दर रोपानंतर फिरवायच्या. एका कात्रीला सहजच पाच-सात मिनिटं मिळतात.

तिसरं नाव ऐकून लोक हसतात: दुधाची पावडर. २०१० मध्ये तंबाखूच्या विषाणूवर आणि पेट्युनियाच्या रोपांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यात साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं २० टक्के द्रावण, थोडं ओलावा पसरवणारं द्रव्य मिसळून, कात्री बुडवण्यासाठी वापरलं तर रोगाचा प्रसार ब्लीचइतकाच छान रोखला गेला. दुधाने विषाणू मरतो असा याचा अर्थ लावू नये. दुधातली प्रथिनं त्याला वेढून घेतात आणि तो पेशीत आपलं काम सुरू करू शकत नाही, असा त्यामागचा अंदाज. रोपवाटिकेत भराभर कापताना याचा उपयोग आहे. घरच्या बागेत मी याला पहिली पसंती देणार नाही, कारण दूध नासतं, पाती चिकट होतात, आणि एवढ्या खटाटोपापेक्षा दोन रुपयांचं ब्लेड सुटसुटीत पडतं.

आतापर्यंत विषाणूंचीच गोष्ट केली, पण पात्यावरून बाकीचेही प्रवास करतात आणि त्यांचं वागणं वेगळं आहे. पावसाळ्यात फॅलेनॉप्सिसच्या पानावर एक पाणीदार डाग दिसतो, दुसऱ्या दिवशी अर्धं पान मऊ पडून घाण वास येतो. ही जिवाणूंची कूज. विषाणूसारखी ती लगेच रोपभर पसरलेली नसते, म्हणून इथे कापण्याचा उपयोग होतो. डागाच्या बरंच पुढे, निरोगी हिरव्या भागातून काप घ्यायचा. मात्र दर कापानंतर पातं स्वच्छ करायचं, त्याच रोपावरसुद्धा. कारण कुजलेल्या भागातून निघालेलं पातं पुढचा काप निरोगी भागावर घेणार असतं. या जिवाणूंसाठी ७० टक्के अल्कोहोल पुरतं, तेव्हा सॅनिटायझरला इथे मान आहे.

कॅटलियाच्या जातींत आडवं खोड कापल्यावर कापलेल्या भागात जांभळट कडं दिसलं तर ती फ्युझेरियम बुरशीची खूण समजतात. अशा वेळी जांभळा रंग संपून स्वच्छ पांढरा-हिरवा भाग लागेपर्यंत मागे मागे कापत जातात, दर वेळी नव्या पात्याने. रंग संपलाच नाही तर रोप टाकून देतात. काप घेतल्यावर जखमेवर हळद किंवा दालचिनीची पूड लावायची आपल्याकडे पद्धत आहे. जखम कोरडी राहायला मदत होते, पण विषाणूला त्याने काही फरक पडत नाही, आणि दालचिनी मुळांना लागली तर मुळं सुकतात.

हत्यारातून रोग पसरणं महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला काही नवीन नाही. डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूंच्या रोगाने हैराण झालेल्या सोलापूर-सांगोला भागात छाटणीच्या वेळी सिकेटर झाडागणिक हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवण्याचा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. उसातही एक रोग आहे, खोडवा खुंटवणारा, जो बेणं तोडणाऱ्या कोयत्यावरून पसरतो. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला, बराच काळ विषाणू समजला गेला आणि नंतर जिवाणू निघाला. त्याचीही तीच गोम: बाहेरून खास खूण नाही, ऊस फक्त खुजा राहतो आणि दोष पाण्याला किंवा खताला जातो.

कात्रीइतकीच विसरली जाणारी गोष्ट म्हणजे नखं. ‘मी कात्री वापरतच नाही, दांडा हातानेच मोडतो’ असं म्हणणारे निम्मेच बरोबर असतात. मोडतानाही रस निघतो, तो बोटांवर आणि नखांत बसतो, आणि पुढचा दांडा मोडताना जखमेला लागतो. दर रोपानंतर साबणाने चोळून हात धुतले तर रस वाहून जातो. साबणाने हा विषाणू मरत नाही, पण हातावरून निघून जातो आणि आपलं काम भागतं. स्वस्त पातळ हातमोजे घातले तर तेही दर रोपाला बदलायचे. एकच जोडी घालून दिवसभर वावरलात तर हात तेवढे स्वच्छ राहतील, रोपं नाही. दांड्याला आधार देणाऱ्या काड्या, बांधायची तार, ज्यावर रोप ठेवून मुळं छाटतो तो ओटा, यांनाही रस लागतो. म्हणून खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि दर रोपाला एक पान गुंडाळून टाकायचं, कचऱ्यासकट. रद्दीचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही. जुनी कुंडी, कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं एका रोपाची दुसऱ्याला देऊ नयेत. प्लास्टिकची कुंडी घासून ब्लीचमध्ये भिजवून पुन्हा घेता येते. मातीच्या कुंडीच्या छिद्रांत बारीक मुळांचे तुकडे अडकून बसतात, ती ओव्हनमध्ये भाजणं शक्य नसेल तर दुसऱ्या झाडांसाठी वापरावी.

कामाचा क्रमही ठरवून घ्यावा. बियांपासून वाढवलेली लहान रोपं आधी हाताळावीत, कारण या विषाणूंचा बियांतून जाण्याचा धोका अगदी कमी असतो, म्हणजे तीच आपल्याकडची सर्वांत स्वच्छ रोपं. मग ओळखीची जुनी रोपं. प्रदर्शनातून आणलेलं, कुणी गड्डा तोडून दिलेलं, सवलतीत मिळालेलं, असं काहीही सगळ्यांत शेवटी. नव्याने आलेलं रोप काही महिने वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं तर चांगलंच, पण लक्षणं दिसत नसल्यामुळे नुसत्या वेगळं ठेवण्याने निदान होत नाही.

‘टिश्यू कल्चरचं आहे, म्हणजे निरोगी’ हाही एक समज आहे. तो कुठून आला ते समजण्यासारखं आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये सिम्बिडियमच्या वाढत्या कोंबाचं अगदी सूक्ष्म टोक काढून त्यापासून विषाणूमुक्त रोपं वाढवल्याचं जाहीर केलं. अगदी टोकाच्या पेशींपर्यंत विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो, या गोष्टीचा त्यांनी फायदा घेतला. त्याच पद्धतीतून एका रोपाची हजारो रोपं करता येतात हे लक्षात आलं आणि आजचा सारा ऑर्किड व्यापार त्यावर उभा राहिला. पण टोक थोडं मोठं कापलं आणि मूळ रोपाची तपासणी केलीच नाही, तर बाटलीतून बाहेर येणारी हजारो रोपं विषाणूसकट येतात. विषाणू काढायला शोधलेली रीत विषाणू वाढवायलाही तितकीच उपयोगी पडली. प्रयोगशाळा चांगली असेल तर ती मातृरोपाच्या तपासणीचा दाखला दाखवते. मोठी खरेदी करणाऱ्याने तो मागायला संकोच करू नये.

तपासणी घरीही करता येते. या दोन्ही विषाणूंसाठी गर्भचाचणीसारख्या पट्ट्या मिळतात, पानाचा तुकडा द्रावणात चेचून पट्टी बुडवली की काही मिनिटांत रेघ उमटते. प्रयोगशाळेत एलायझा आणि पीसीआर या अधिक बारीक चाचण्या होतात. पट्ट्या स्वस्त नाहीत, दहा-बारा घरगुती कुंड्यांसाठी त्या मागवाव्यात असं मी म्हणणार नाही. पण ज्या रोपाचे गड्डे तोडून तुम्ही इतरांना देणार आहात किंवा ज्यापासून पुढची रोपं वाढवणार आहात, त्याची जरूर करा. नुकती लागण झालेली असेल तर विषाणूचं प्रमाण कमी असतं आणि चाचणी स्वच्छ म्हणून दाखवते, त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा करावी. आणि चाचणीसाठी पानाचा तुकडा कापतानाही दर रोपाला नवं ब्लेड. तपासणी करतानाच रोग लावून ठेवल्याचे प्रकार होतात.

घरच्या बाल्कनीत हे सगळं जमतं. शेडनेटमध्ये हजारो डेंड्रोबियम असलेल्या माणसाला ‘दर रोपाला नवं पातं’ सांगितलं तर तो हात जोडेल, आणि त्याचंही बरोबर आहे. सकाळी दोन तासांत शेकडो दांडे तोडून पेटीत भरून बाजाराला पाठवायचे असतात. तिथे प्रसार शून्यावर आणणं व्यवहारात बसत नाही, पण तो अडवून धरणं बसतं. शेडचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या कात्र्या कायमच्या वेगळ्या ठेवायच्या, मुठीला रंग लावून, म्हणजे मजुरांकडून अदलाबदल होणार नाही. प्रत्येक तोडणाऱ्याच्या कमरेला द्रावणाचा डबा आणि तीन-चार कात्र्या. जितक्या रोपांनंतर बदलणं शक्य असेल तितक्यांनंतर बदलायची: दर रोपाला नाही जमलं तर दर पाच रोपांना, तेही नाही तर दर बाकाला. लागण झाली तरी एका बाकापाशी थांबते, शेडभर जात नाही. नव्या लागवडीसाठी गड्डे तोडण्याचं काम मात्र रोजच्या फुलतोडणीसारखं घाईने करू नये. तिथला एक मळका काप पुढची कित्येक वर्षं जगणाऱ्या रोपात जाणार असतो, म्हणून त्या दिवशी दर रोपाला नवी कात्री हा नियम शेडमध्येही पाळावा.

आणि चाचणीत रोप बाधित निघालंच तर? शहाणपणाचा सल्ला एकच: प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टच्या खड्ड्यात नको, शेजाऱ्याला तर मुळीच नको. पण प्रत्येक रोप हिशेबात बसत नाही. कुणाला ते आईकडून आलेलं असतं, कुणी पहिल्या पगारातून घेतलेलं. हा विषाणू हवेतून किंवा किडीवरून जात नाही, त्यामुळे असं एखादं रोप ठेवायचं असेल तर ठेवता येतं. त्याला सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या जागी टांगा, त्याचं पाणी खालच्या कुंडीत ठिबकणार नाही आणि त्याची मुळं शेजारच्या रोपात गुंतणार नाहीत असं बघा. कुंडीवर लाल पट्टी चिकटवा, त्याची कात्री त्याच्याच खिळ्याला अडकवा आणि घरच्या सगळ्यांना, विशेषतः तुम्ही गावाला गेल्यावर पाणी घालणाऱ्याला, सांगून ठेवा की ती कात्री दुसऱ्या कशालाही लावायची नाही. त्याचा गड्डा कुणी कितीही प्रेमाने मागितला तरी द्यायचा नाही.